उपेक्षेत वाढलेली चित्रकथा

‘एक्स-मेन’ हे नाव आज चित्रपटांच्या द्वारे जगभर पोहोचलेले असल्यामुळे, अमेरिकेतील मार्व्हल कॉमिक्स या प्रकाशनसंस्थेची ही चित्रकथामाला जन्मतःच लोकप्रियतेचे वरदान घेऊन आली असावी, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती मात्र याच्या अगदी उलट आहे. साठ वर्षांहून अधिक काळ चाललेल्या या मालेचे पहिले पर्व सात वर्षांच्या आत आटोपले. त्यानंतर जवळजवळ पाच वर्षे ती केवळ जुन्या मजकुराच्या पुनर्मुद्रणावर तग धरून राहिली. आणि तिच्यात जे जे अस्सल, जे जे चिरकाल टिकण्याजोगे म्हणून निर्माण झाले, त्याचा मुख्य पाया, संस्थेच्या कारभाऱ्यांची तिच्याकडून काही विशेष अपेक्षा नव्हती, त्याच काळात घातला गेला. तिच्या प्रकाशनाचा इतिहास सविस्तर सांगावासा वाटतो तो एवढ्याचसाठी की, निर्मितीला भांडवलाइतकीच, किंबहुना त्याहूनही अधिक, निवांतपणाची गरज असते, हे येथे जितके स्वच्छ दिसते तितके अन्यत्र क्वचित दिसते.

पहिल्या अंकावर सप्टेंबर १९६३ हा महिना आणि बारा सेंट ही किंमत छापलेली आहे. लेखन स्टॅन ली यांचे, रेखाटन जॅक कर्बी यांचे. त्या वेळी मार्व्हलची स्थिती मोठी अडचणीची होती. १९५७ साली तिच्या वितरकाने आपला कारभार आवरता घेतल्यावर मालक मार्टिन गुडमन यांना ज्या इंडिपेंडंट न्यूज कंपनीशी करार करावा लागला, ती कंपनी सुपरमॅन आणि बॅटमॅन यांच्या कथा काढणाऱ्या प्रतिस्पर्धी संस्थेच्याच मालकीची होती, आणि अंक बाजारात पोहोचविण्याचा मक्ता घेताना तिने महिन्याला सुमारे आठच अंकांची मर्यादा घालून दिली होती. या मर्यादेत अधिक नावे बसवायची म्हणजे बरीचशी नियतकालिके दोन महिन्यांनी एकदा काढणे प्राप्त होते, आणि ‘एक्स-मेन’ही १९६५च्या अखेरीपर्यंत द्वैमासिकच राहिली.

कल्पना मात्र नवी होती. तोपर्यंतचे नायक अपघाताने, किरणोत्सर्गाने किंवा कोणत्या तरी रसायनाने सामर्थ्यवान होत. प्रत्येकाच्या शक्तीची अशी निराळी उपपत्ती शोधण्याच्या खटाटोपातून सुटका व्हावी म्हणून या वेळी आपण माणसे जन्मतःच तशी कल्पिली, असे ली यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. मालेला ‘द म्यूटंट्स’ असे नाव देण्याचा त्यांचा बेत गुडमन यांनी, वाचकांना हा शब्द कळणार नाही या सबबीवर, फेटाळून लावला. न्यूयॉर्कच्या उत्तरेस वेस्टचेस्टर परगण्यात प्रोफेसर झेवियर नावाचा एक प्रज्ञावंत शाळा चालवितो, तेथे पाच तरुण आपल्या विलक्षण शक्तींना वळण लावण्याचे शिक्षण घेतात, आणि ज्या समाजाचे ते रक्षण करतात तोच समाज त्यांना भितो व त्यांचा द्वेष करतो, ही मूळ कल्पना. तिच्या पोटात केवढी शक्यता दडलेली आहे याची जाणीव तिच्या जनकांना तरी पूर्णपणे होती की नाही, याची शंका वाटते. कारण कर्बी यांनी संपूर्ण रेखाटन केले ते पहिल्या अकरा अंकांपुरते, आणि ली यांनीही एकोणिसाव्या अंकानंतर लेखणी रॉय थॉमस यांच्या स्वाधीन केली. मधली काही वर्षे ही माला सामान्यच राहिली. १९६९ साली नील अ‍ॅडम्स हे तरुण चित्रकार आले, त्यांनी पानावरील चौकटी तिरप्या कापून आकृत्यांना अपूर्व वेग आणि शरीरसौष्ठव दिले. परंतु विक्रीचे आकडे संस्थेला आश्वासक वाटले नाहीत आणि मार्च १९७०च्या सहासष्टाव्या अंकाबरोबर नवे लेखन तहकूब झाले.

येथे मालेचे नाव कायमचे बरखास्त झाले असते, तर त्यात नवल काहीच नव्हते. पण डिसेंबर १९७० मध्ये सदुसष्टावा अंक निघाला आणि त्यात जुनी कथा पुन्हा छापलेली होती. नव्या लेखकाचा मेहनताना नाही, नव्या रेखाटनाचा खर्च नाही. दप्तरात असलेले साहित्य पुन्हा यंत्रावर चढवायचे आणि दोन महिन्यांनी अंक बाजारात पाठवायचा. अशा रीतीने त्र्याण्णवाव्या अंकापर्यंत, म्हणजे एप्रिल १९७५पर्यंत, सत्तावीस अंक निघाले. या अंकांविषयी कोणी कौतुकाने लिहीत नाही, संग्राहकही त्यांच्याकडे सहसा वळत नाहीत. तरीपण त्यांच्यामुळे मालेचे खाते चालू राहिले, क्रमांक पुढे सरकत राहिला.

पुनरुज्जीवनाची प्रेरणाही निर्भेळ कलात्मक नव्हती. निरनिराळ्या देशांतील नायक एकत्र आणले तर त्या त्या देशांत अंक विकता येतील, ही सूचना मार्व्हलचे तत्कालीन अध्यक्ष अल लँडाउ यांची. ती लेखक लेन वाइन आणि चित्रकार डेव्ह कॉक्रम यांच्यापर्यंत पोहोचली तेव्हा तिच्यातला व्यापार मागे पडला आणि १९७५च्या उन्हाळ्यापूर्वी ‘जायंट-साइझ एक्स-मेन’ हा अडुसष्ट पानांचा विशेषांक बाहेर पडला. गिल केन आणि कॉक्रम यांनी केलेले त्याचे मुखपृष्ठ नीट न्याहाळण्यासारखे आहे. पाठीमागे जुने नायक एका चित्रात उभे आहेत, त्यांच्या चेहऱ्यांवर भय आणि आश्चर्य आहे, आणि ते चित्र कागदासारखे टराटरा फाडून नवी मंडळी वाचकाच्या अंगावर धावून येत आहेत: पर्जन्य आणि वारा यांवर सत्ता चालविणारी, केनियात देवता म्हणून पूजिली गेलेली स्टॉर्म, सायबेरियातील सामुदायिक शेतावर राबणारा पोलादी देहाचा कलोसस, सैतानासारखे रूप आणि श्रद्धाळू अंतःकरण लाभलेला जर्मन नाइटक्रॉलर, आणि १९७४ साली हल्कच्या कथेत प्रथम डोकावून गेलेला, ठेंगणा, रागीट, कॅनडाचा वुल्व्हरिन. यांपैकी नाइटक्रॉलर ही आकृती कॉक्रम यांनी पूर्वीच प्रतिस्पर्धी संस्थेच्या एका मालेसाठी योजून ठेवली होती. तेथे ती स्वीकारली गेली नाही, आणि मार्व्हलच्या पदरात पडली.

ऑगस्ट १९७५च्या चौऱ्याण्णवाव्या अंकापासून माला पूर्ववत सुरू झाली. वाइन यांच्यावर संपादनाचा भार फार असल्याने लेखन त्यांच्या हाताखाली साहाय्यक म्हणून वावरणाऱ्या, पंचविशीही न गाठलेल्या ख्रिस क्लेरमाँट यांच्याकडे आले. द्वैमासिक, अर्धमृत, कोणाही नामवंत लेखकाने हक्क सांगावा अशी तिची योग्यता नाही, असेच त्या मालेकडे पाहिले तर वाटावे. आणि म्हणूनच तिच्यात क्लेरमाँट यांना मन मानेल तसे लिहिता आले. त्यांची रीत त्या काळच्या प्रघाताला धरून नव्हती. एका अंकात पात्राच्या तोंडी एखादे ओझरते वाक्य घालावे आणि त्याचा उलगडा दोन-तीन वर्षांनी करावा. मारामारीच्या दोन प्रसंगांच्या मध्ये सगळ्यांना स्वयंपाकघरात बसवून बोलू द्यावे. स्त्रीपात्रांना शोभेसाठी न ठेवता स्टॉर्मसारखीच्या हाती संपूर्ण पथकाचे नेतृत्व द्यावे. त्यांचे संवाद दीर्घ, विचारांचे फुगे तुडुंब भरलेले. टॉम ऑर्झेकाउस्की यांच्या नेटक्या, बारीक अक्षरलेखनामुळेच एवढा मजकूर चित्रांना न झाकता पानावर मावू शकला, आणि या कसबी कारागिराचे ऋण मालेच्या इतिहासात आवर्जून नोंदविले पाहिजे.

डिसेंबर १९७७च्या अंकापासून जॉन बर्न हे रेखाटनासाठी आले, टेरी ऑस्टिन यांनी त्यावर शाई चढविली आणि १९७८ साली माला पुन्हा मासिक झाली. या त्रयीच्या हातून १९८० साली जी ‘डार्क फीनिक्स’ची कथा घडली, तिचा शेवट कसा ठरला हे प्रकाशनाच्या इतिहासातील एक विलक्षण प्रकरण आहे. मूळच्या पाच विद्यार्थ्यांतील सौम्य स्वभावाची जीन ग्रे हिला अमर्याद शक्ती प्राप्त होते, त्या शक्तीचा मद तिला चढतो आणि आपली भूक भागविण्यासाठी ती एका ताऱ्याचा ग्रास घेते. त्याबरोबर त्याच्याभोवती फिरणारी, कोट्यवधी जीवांनी गजबजलेली एक पृथ्वी नष्ट होते. क्लेरमाँट आणि बर्न यांनी योजलेल्या शेवटी तिची शक्ती काढून घेतली जाणार होती आणि ती सामान्य स्त्री म्हणून जगणार होती. मुख्य संपादक जिम शूटर यांनी हे अमान्य केले. एवढ्या संहाराचे प्रायश्चित्त इतके हलके असू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे. अंक जवळजवळ तयार असताना शेवटची पाने नव्याने लिहून काढावी लागली, आणि सप्टेंबर १९८०च्या एकशे सदतिसाव्या अंकात जीनने चंद्रावर, प्रियकराच्या डोळ्यांदेखत, एका प्राचीन शस्त्राच्या झोतात स्वतःला संपविले. वाचक हादरले. मूळ शेवट १९८४ साली स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाला असल्याने दोन्ही ताडून पाहता येतात, आणि तसे पाहिल्यावर शूटर यांचा हुकूम कलेच्या दृष्टीनेही योग्यच होता, असे माझे स्पष्ट मत आहे: तो विक्रीकडे पाहून दिलेला नव्हता, नैतिक विवेकातून दिलेला होता, आणि कथेने स्वतःच मांडलेल्या अपराधाचे वजन त्याने कथेला पेलायला लावले.

त्यानंतर चारच महिन्यांनी, जानेवारी १९८१ च्या अंकावर, वुल्व्हरिन आणि पथकातील किटी प्राइड एका भिंतीला पाठ लावून उभे दिसतात. भिंतीवर सहकाऱ्यांचे चेहरे डकविलेले आहेत आणि प्रत्येकावर, हा मारला गेला, हा पकडला गेला, असा शेरा मारलेला आहे. म्यूटंटांना छावण्यांत डांबणाऱ्या भविष्याची ही कथा दोनच अंकांत संपते. त्याच वर्षी मॅग्नेटो या जुन्या खलपुरुषाला क्लेरमाँट यांनी ऑश्विट्झमधून वाचलेल्या मुलाचा भूतकाळ दिला. अठरा वर्षे जो केवळ जगज्जेता होऊ पाहणारा गर्विष्ठ पुरुष होता, तो एका तेरा वर्षांच्या ज्यू मुलीवर आपल्या हातून प्राणघातक आघात झालेला पाहून शस्त्र खाली ठेवतो, हे दृश्य मला संपूर्ण मालेतील सर्वोच्च वाटते. १९६३ च्या मूळ कल्पनेतील द्वेषाला येथे खऱ्या इतिहासाचा आधार मिळाला.

आता मात्र विक्री वाढली होती. विशेषतः केवळ चित्रकथा विकणाऱ्या, न खपलेले अंक परत न करणाऱ्या नव्या दुकानांत ही माला अग्रभागी होती. ‘द अनकॅनी एक्स-मेन’ या नावाने ती ओळखली जाऊ लागली होती आणि तिला फांद्या फुटू लागल्या. १९८३ साली निघालेली ‘न्यू म्यूटंट्स’ क्लेरमाँट यांचीच होती. १९८६ ची ‘एक्स-फॅक्टर’ मात्र त्यांच्या मनाविरुद्ध. मूळचे पाचही नायक एकत्र आणता यावेत एवढ्याचसाठी जीन ग्रेला जिवंत करण्यात आले, आणि तिच्या मृत्यूनंतर संसार थाटलेल्या तिच्या प्रियकराला, सायक्लॉप्सला, बायको-मुलाला सोडून निघताना दाखवावे लागले. सहा वर्षांपूर्वी जिच्या मरणाला संपादकाने न्यायाचे अधिष्ठान दिले, तिलाच संस्थेने मिळकतीसारखे परत ताब्यात घेतले. पुढे पुढे एका कथेचे धागे चार मालांतून फिरविण्याची वहिवाट पडली आणि दोन-तीन वर्षांनी उमलणाऱ्या बीजांना जागाच उरली नाही.

ऑक्टोबर १९९१ ही तारीख असलेला ‘एक्स-मेन’ या नव्या मालेचा पहिला अंक पाच निरनिराळ्या मुखपृष्ठांनी काढण्यात आला, एकाच वाचकाने पाचही प्रती घ्याव्यात अशा योजनेने. त्याच्या ऐंशी लाखांहून अधिक प्रती दुकानदारांनी उचलल्या, आणि सर्वाधिक खपाचा अंक म्हणून गिनेसच्या विक्रमग्रंथात त्याची नोंद झाली. रेखाटन जिम ली यांचे होते, आणि कथेची दिशाही आता प्रामुख्याने तेच ठरवीत होते. तिसऱ्या अंकानंतर क्लेरमाँट यांनी सोळा वर्षांचा संबंध संपविला. वर्षाच्या आत जिम लीही इमेज कॉमिक्सच्या स्थापनेसाठी बाहेर पडले. एकेका अंकाच्या अनेक प्रती साठवून ठेवणाऱ्या खरेदीदारांचा उत्साह लवकरच ओसरला, शेकडो दुकाने बंद पडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हलने दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी न्यायालयात अर्ज दाखल केला.

पुढचा वृत्तान्त थोडक्यात सांगता येईल. २००० सालच्या चित्रपटाने नावाला नवी झळाळी आणली, २००१ पासून ग्रँट मॉरिसन यांनी आणि २०१९ पासून जोनाथन हिकमन यांनी मालेला पुन्हा धाडसी वळणे दिली. हिकमन यांनी तर १९७५च्या विशेषांकातील क्राकोआ या सजीव बेटावर म्यूटंटांचे राष्ट्रच वसविले. दरम्यान २०११ साली पाचशे चव्वेचाळिसाव्या अंकाशी जुनी गणती थांबवून नव्या ‘पहिल्या’ अंकांचे सत्र सुरू झाले, कारण पहिला अंक अधिक खपतो हे दुकानदारांना आणि प्रकाशकांना ठाऊक होते. परंतु जून २०२४ मध्ये मार्व्हलने सर्व खंडित क्रमांक एकत्र जोडून सातशेवा अंक समारंभपूर्वक प्रसिद्ध केला. या बेरजेत १९७० ते १९७५ दरम्यानचे ते सत्तावीस पुनर्मुद्रित अंकही धरलेले आहेत, आणि ते धरणे सर्वथा न्याय्य आहे. कारण ती वर्षे कोणी तरी काटकसरीने मालेचे नाव चालू ठेवले नसते, तर चौऱ्याण्णवावा अंक एका अननुभवी साहाय्यकाच्या हाती निर्धास्तपणे सोपविण्याची वेळच आली नसती.