परसातील सरपटणारे शेजारी

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. परंतु सरडा कुंपणापाशीच का थांबतो, हे पाहावयास आपल्यापैकी किती जण थांबले असतील? आम्हीही पुष्कळ वर्षे थांबलो नव्हतो.

उज्जैनच्या उत्तरेस, क्षिप्रेच्या काठी भैरवगढ येथे आमचे बिऱ्हाड आहे. कालभैरवाचे मंदिर आणि छिपा कारागिरांचे ठशांचे कापड यांसाठी हे गाव सर्वदूर ओळखले जाते. घरामागे चार पेरू, दोन लिंबे, मेंदीचे कुंपण, पाण्याचा हौद आणि एका कोपऱ्यात सरपणाचा ढीग, एवढीच आमची परसबाग. वसईची वाडी असो की नगर-जालन्याकडील शेतवस्ती, वाचकांच्या घरामागेही थोड्याफार फरकाने असेच काही असेल. म्हणूनच ह्या परसात आम्ही जे पाहिले, आणि जे उशिरा शिकलो, ते सांगण्याचे योजिले आहे.

कुंपणाचा राजा

उन्हाळा कलू लागला की मेंदीच्या शेंड्यावर सरड्याचा नर येऊन बसतो. त्याचे डोके, गळा आणि खांदे तांबडेलाल होतात. तो दुरून माणसाचे रक्त शोषतो, असा भाबडा समज ठिकठिकाणी आढळतो. पण त्या तांबड्या रंगात रक्ताचा थेंबही नसतो. तो विणीच्या हंगामातील पोशाख आहे. पुढचे पाय ताठ करून तो अंग वरखाली करू लागला म्हणजे समजावे, की जवळपास दुसरा नर आला आहे. कुंपण ही त्याच्या राज्याची सीमा. ती तो दिवसभर राखतो. झुंजीत हार झाली, की पराभूताचा तांबडा रंग पाहता पाहता ओसरतो.

पाऊस पडून माती मऊ झाली म्हणजे मादी खाली उतरते, पायांनी खळगा उकरते, त्यात अंडी घालते आणि वर माती सारखी करून निघून जाते. सहासात आठवड्यांनी काडीएवढी पिल्ले बाहेर येतात व कोणी न शिकविता मुंग्या टिपू लागतात. भिंतीवरची पाल दिव्याभोवतीचे किडे खाते. पायरीखाली सळसळणाऱ्या चकचकीत सापसुरळीला लोक विषारी समजून ठेचतात. पण ह्या तिघांपैकी एकालाही विष नाही.

आमच्या हातून घडलेली चूक

हे सारे आम्ही आज सांगतो खरे, परंतु आरंभी आमचेही वर्तन चारचौघांसारखेच होते. एका श्रावणात सकाळच्या प्रहरी हौदापाशी सातभाई पक्ष्यांनी एकच कलकलाट मांडला. जाऊन पाहतो तो पुरुषभर लांबीचा पिवळसर साप! मुले ओरडली, आम्ही काठी उचलली, आणि क्षणात सर्व संपले. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ येऊन पाहून गेले. ‘अहो, ही तर धामण होती,’ एवढेच ते म्हणाले. त्या हिवाळ्यात उंदरांनी आमच्या गव्हाची कणगी खालून पोखरली, तेव्हा त्यांच्या बोलण्याचा अर्थ आम्हांस कळला.

धामण ही बिनविषारी असून दिवसा हिंडते. उंदीर हे तिचे मुख्य भक्ष्य. ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, शेपटीने फटकारते, नागाशी जोडी जमविते, अशा कितीतरी कथा तिला चिकटल्या आहेत. त्यांतील एकही खरी नाही. दोन धामणी एकमेकींना पीळ घालून उंच उठताना दिसतात, तेव्हा लोक त्यांस जोडपे समजून वर कोरे वस्त्र टाकतात. वस्तुतः ती बहुधा दोन नरांची कुस्ती असते. एकाचे डोके दुसऱ्याने खाली दाबले, की हरलेला निघून जातो. दंश नाही, रक्तपात नाही. माणसांच्या भांडणांशी ताडून पाहिले, तर आपणांस लाज वाटावी!

त्यानंतर आम्ही एक नियम केला: साप दिसला, तर आधी दूर उभे राहून पाहावयाचे. सापाला बाहेरचे कान नसतात. जमिनीचा कंप त्याला चटकन जाणवतो. पुंगीपुढे नाग डोलतो, तो सुरांवर नव्हे, तर पुंगीच्या हालचालीवर. दुभंगलेली जीभ लवलवते ती चावण्यासाठी नव्हे; तिने तो हवेतील वास टिपतो. वाट मोकळी दिसली, की तो निघून जातो. आता सातभाई ओरडले म्हणजे आमची मुले काठी शोधीत नाहीत. जागच्या जागी उभी राहून मोठ्यांना हाक मारतात.

खरा धोका रात्री

परंतु प्रेमाच्या नावाखाली बेसावध राहणे हा शहाणपणा नव्हे. एका पावसाळी रात्री आम्ही कंदील घेऊन मोरीपाशी गेलो असता, काळ्याभोर अंगावर बारीक पांढरे पट्टे असलेला साप भिंतीकडेने जाताना दिसला. तो मण्यार होता. नाग फणा काढून सूचना तरी देतो, घोणस मोठ्याने फुत्कारते. मण्यार मात्र काहीच सांगत नाही. रात्री तो घरात शिरतो आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला चावतो. दंश मुंगीच्या चाव्यासारखा, सूजही बहुधा नाही. पहाटे पोट दुखू लागते, पापण्या जड होतात, आणि पुढे श्वास बंद पडतो. त्याच रात्री आम्ही मुलांची अंथरुणे जमिनीवरून उचलून खाटांवर घातली आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचली. सरपणाचा ढीग दुसऱ्याच दिवशी भिंतीपासून दूर नेला.

ही भीती निराधार नाही. इ. स. २००० ते २०१९ ह्या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. त्यांतील बहुतेक खेड्यांतील, आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर ह्या महिन्यांतील.

जडीबुटी की रुग्णालय?

येथे एका येशूसंघीय धर्मगुरूंचे स्मरण करणे उचित होईल. मुंबईच्या हाफकिन संस्थेत डॉ. म्हसकर आणि फादर कायुस यांनी सर्पदंशावर गुणकारी म्हणून सांगितल्या जाणाऱ्या तीनशेहून अधिक वनस्पती एकेक करून तपासल्या आणि १९३१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांतील एकाही वनस्पतीने विष उतरत नव्हते. फादर कायुस स्वतः औषधी वनस्पतींचे गाढे अभ्यासक होते. तरीही सत्य त्यांनी लपविले नाही.

म्हणून दंश झाल्यास मांत्रिकाकडे धावू नये, जखम चिरू नये, चोखू नये, आवळपट्टी बांधू नये. रुग्णास धीर द्यावा, अंगठ्या व बांगड्या काढाव्यात, हाडमोडीप्रमाणे फळी लावून तो अवयव स्थिर ठेवावा, आणि प्रतिविषाची लस असलेल्या रुग्णालयात तत्काळ न्यावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे ह्या चौघांच्या विषावर ती एकच लस चालते. प्रार्थना अवश्य करावी. पण ती वाहनात बसून करावी.

सैतान आणि साप

आपल्या ख्रिस्ती घरांतून कधी कधी साप मारणे म्हणजे सैतानाला चिरडणे, असे मानले जाते. एदेन बागेतील कथा आपणांस पाठ असते, पण त्याआधीचा अध्याय आपण विसरतो. सरपटणारे प्राणीही परमेश्वरानेच निर्माण केले, आणि ते चांगले आहेत असे त्याला दिसले. रानात मोशेने उंचावलेला पितळी साप प्रभूने आपल्या क्रुसाची खूण म्हणून सांगितला. प्रेषितांना चतुराई शिकविताना त्याने उदाहरण घेतले तेही सापाचेच. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात पृथ्वीला आपले सामायिक घर म्हटले. त्या घराचे परस आमच्या मेंदीच्या कुंपणाशी संपत नाही.

आमच्या हिंदू शेजाऱ्यांची रीत निराळी. महाकालेश्वर मंदिराच्या वरच्या मजल्यावरील नागचंद्रेश्वराचे द्वार वर्षातून केवळ नागपंचमीस उघडते, आणि दर्शनाला अलोट गर्दी लोटते. आपण पूजा करीत नाही; परंतु द्वेष तरी का करावा?

असो. ह्या वर्षी हौदापाशी पुन्हा एक धामण येऊ लागली आहे. तिची चाहूल लागताच धाकटा मुलगा कणगीकडे बोट दाखवून हसतो. सैतान उंदरांच्या बिळात राहत नाही. तो माणसाच्या मनात शिरतो, आणि तेथे काठी चालत नाही. वाचकहो, पुढच्या वेळी परसात काही सळसळले, तर मुलांना मागे घ्या, चार पावले दूर उभे राहा, आणि हातातील काठी उचलण्यापूर्वी एकदा नीट पाहा.