पाणी उलटतं तेव्हा

म्हैसूरच्या कुवेंपुनगरात एका मराठी घरी नवा फिश टँक बसतो आहे. वर काचेची टाकी, खालच्या कपाटात गाळणीचा संप. वरून ओसंडलेलं पाणी नळातून खाली येतं, गाळलं जातं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. सगळं सुरळीत सुरू झाल्यावर कारागीर म्हणतो, ‘‘अम्मा, आता प्लग काढा.’’

पंप थांबतो, पाणी थांबत नाही. वर चढणारा नळ पाण्याने भरलेला आणि त्याचं वरचं तोंड टाकीत बुडालेलं. सायफन व्हायला एवढं पुरतं. त्या तोंडाशी हवा पोचेपर्यंत टाकी खाली रिकामी होत राहते.

हिशेब टाकी घेण्याआधीच करायला हवा. टाकी 120 सेंटिमीटर लांब, 45 रुंद. म्हणजे पातळी 1 सेंटिमीटर उतरली की 5.4 लिटर पाणी खाली येतं. नळाचं तोंड 5 सेंटिमीटर खोल असेल तर 27 लिटर. संप 90 बाय 40 सेंटिमीटरचा असेल, तर त्यातली पातळी साडेसात सेंटिमीटर चढणार. तेवढी जागा ठेवली नसेल तर रात्री लाईट गेली की सकाळी फरशीवर तळं.

दुकानात यावर पहिला उपाय सांगतात तो एनआरव्हीचा. ही झडप पाणी एकाच दिशेने जाऊ देते. पण आत शेवाळ, वाळूचा कण किंवा इवलीशी गोगलगाय अडकली की ती पुरती मिटत नाही, आणि हे कळतं ते नेमकं वीज गेल्यावर. हा कारागीर तिच्यावर भिस्त ठेवत नाही. तो नळाला पाण्याच्या पातळीखाली जेमतेम 1 सेंटिमीटरवर 6 मिलिमीटरचं भोक पाडतो, तेही टाकीच्या आतल्या बाजूला, म्हणजे पिचकारी बाहेर उडत नाही. पातळी भोकापर्यंत उतरली की हवा आत शिरते आणि सायफन तुटतो. 27 लिटरच्या जागी साधारण साडेपाच लिटर, वर नळातलं थोडं.

हवा सोडून सायफन तोडण्याची ही युक्ती म्हैसूर संस्थानात धरणांच्या मापाने वापरली गेली आहे. इथले अभियंता गणेश अय्यर यांच्या व्होल्यूट सायफनमध्ये घुमटाखालच्या वळणदार पात्यांमुळे पाणी गरगरत उतरतं, हवा ओढून नेतं आणि सायफन आपोआप सुरू होतो. जलाशय ठरलेल्या पातळीला आला की हवा आत येते आणि तो आपोआप बंद पडतो. तुमकूर जिल्ह्यातल्या मार्कोनहळ्ळीला आणि शरावतीवरच्या हिरेभास्करला असे सायफन बांधले. लिंगनमक्की धरणाने हिरेभास्कर बुडवलं. जलाशय फार आटला की ते अजून दिसतं.

कुवेंपुनगरात पंप बंदच आहे. दोन्ही पातळ्या स्थिरावल्यावर कारागीर संपाच्या काचेवर मार्करने रेघ ओढतो, पंप पुन्हा लावतो आणि पाणी उतरल्यावर खाली दुसरी रेघ. रोजची भर घालताना या खालच्या रेघेवर जायचं नाही, हे तो दोनदा सांगतो. भोक शेवाळाने बुजतं, म्हणून जुना टूथब्रश टाकीजवळच ठेवायचा, आणि भोक साफ केलं की दर वेळी प्लग काढून पाहायचं.