थंडीआधी उतरवायची हिरवी भेदरं

परसबाग : लेखांक ११

अकोल्याहून वाशिमच्या रस्त्याला लागलं, पातूर मागे टाकून घाट चढलं की मालेगाव तालुक्यातलं मेडशी येतं. अकोला समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्याही खाली आहे, तर वाशिमचं पठार पाचशेच्या वर. डिसेंबरात सोयाबीन कधीच घरात आलेलं असतं, तूर शेंगांवर असते, आणि घरामागच्या सांदवाडीत पोळ्यानंतर लावलेली टमाट्याची झाडं हिरव्या फळांनी वाकलेली असतात. वऱ्हाडात या फळांना भेदरं म्हणतात. फळं भरपूर असतात, पण लाली काही चढत नाही. रोज सकाळी झाडाशी जाऊन पाहावं, तर आठवडा झाला तरी रंग तोच. अशात एखाद्या दिवशी थंडीची लाट येते आणि पुढच्या आठ-दहा दिवसांत त्याच फळांवर बसके, पाणचट डाग दिसू लागतात.

थंडी म्हणजे बर्फ, अशी समजूत असली की इथे फसगत होते. महाराष्ट्रात दव गोठल्याच्या बातम्या येतात त्या महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठच्या किंवा सातपुड्यातल्या तोरणमाळच्या. नाशिकच्या निफाडचा पारा दर हिवाळ्यात चर्चेत असतो. मेडशीत पाणी गोठण्याइतकी थंडी क्वचितच पडते. पण टमाट्याला शून्याची वाट पाहावी लागत नाही. हे झाड दक्षिण अमेरिकेतलं, उबेत वाढलेलं. रात्रीचं तापमान १३ अंशांच्या खाली राहू लागलं की त्याचे परागकण नीट काम करत नाहीत आणि फुलं गळतात. १० अंशांच्या खाली बरेच दिवस राहिलेलं हिरवं फळ आतून दुखावतं. वरून ते धडधाकट दिसतं, पण पुढे उबेत ठेवलं तरी एकसारखं लाल होत नाही, चव धरत नाही आणि लवकर सडतं. मैदानी भागात किमान तापमान १० अंशांवर किंवा त्याखाली येऊन सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी घसरलं, की हवामान विभाग थंडीची लाट धरतो. सांदवाडीतल्या माणसाने तोच इशारा आपलाही मानावा.

शिवाय हवामान केंद्रातला तापमापक जमिनीपासून चारेक फूट उंचीवर, पेटीत असतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री पानं आपली उष्णता थेट आभाळाकडे सोडतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतात. गार हवा जड असल्यामुळे ती खोलगट जागी साचते. म्हणूनच गावात पारा शून्याच्या वर असतानाही वेण्णेकाठचं दव गोठतं, आणि म्हणूनच मेडशीत नाल्याकाठच्या वाडीला उंचावरच्या वाडीपेक्षा आधी फटका बसतो.

तेव्हा लाटेची बातमी आली की फळं उतरवावीत. पण सगळी एकाच टोपलीत टाकली तर अर्धं काम वाया जातं, कारण हिरवेपणा सगळ्यांचा सारखा नसतो. देठाच्या विरुद्ध टोकाला पांढुरकी किंवा गुलाबीसर छटा आली असेल, तर ते फळ पाडाला आलं. ज्याचा हिरवा रंग फिकट, चकचकीत झाला आहे आणि जे पूर्ण भरलं आहे ते जून. आणि जे गडद, मळकट हिरवं, दाबलं तर दगडासारखं, ते कोवळं. शंका असेल तर त्या आकाराचं एक फळ आडवं कापून पाहावं. बियांभोवती बुळबुळीत गर धरला असेल आणि सुरीखालून बी न कापता निसटत असेल, तर त्या आकाराची बाकीची फळं घरात पिकतील. बिया सुरीने सपकन कापल्या गेल्या, तर ती फळं पिकणार नाहीत. त्यांनी थेट स्वयंपाकघरात जावं.

झाडावरून हिरवं तोडलेलं फळ पुढे पिकतं याची खात्री पटवायला व्यापारच पुरेसा आहे. जुन्नरमधल्या नारायणगावच्या किंवा नाशिकमधल्या पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून दूरच्या राज्यांत जाणारा माल लालबुंद भरत नाहीत. नुकता रंग फुटू लागलेला माल क्रेटमध्ये भरला जातो आणि उरलेला रंग वाटेत चढतो. कारण टमाटा हा आंबा, केळी, चिकू यांच्या कुळीचा आहे: एकदा जून झाला की पिकण्यासाठी लागणारा वायू, इथिलीन, तो स्वतःच तयार करतो. त्या वायूने पिकणं सुरू होतं, आणि पिकणाऱ्या फळातून तो आणखी सुटतो.

ही गोष्ट शास्त्राला कळली तीही मोठ्या गमतीने. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातले लिंबूवाले हिरवी लिंबं रॉकेलच्या शेगड्यांनी तापवलेल्या खोल्यांत ठेवून पिवळी करत. उबेनेच रंग येतो असा त्यांचा समज होता. काहींनी स्वच्छ, धूर न होणारी उष्णता वापरून पाहिली तर लिंबं हिरवीच राहिली. काम धुराचं होतं. त्या धुरातला प्रभावी वायू इथिलीन असल्याचं १९२४ मध्ये डेनी या अमेरिकी संशोधकाने दाखवलं, आणि पिकणारी फळं स्वतःच हा वायू सोडतात हे १९३४ मध्ये इंग्लंडमध्ये रिचर्ड गेन यांनी सिद्ध केलं. आपल्याकडे बंद खोलीत धुरी देऊन केळी पिकवण्याची जुनी रीत होती, तिच्यामागेही हेच कारण आहे.

घरची पद्धत म्हणजे आंब्याचीच आढी, फक्त हिवाळ्यातली. फळं धुऊ नयेत, कोरड्या फडक्याने पुसावीत. देठ काढून टाकावेत, नाहीतर एकाचा देठ दुसऱ्याच्या सालीत घुसतो आणि तिथूनच सड सुरू होते. अळीचं छिद्र असलेलं किंवा करप्याचा तपकिरी डाग पडलेलं फळ आत जाऊ देऊ नये. खोक्यात किंवा टोपलीत कोरडं कुटार वा वर्तमानपत्र अंथरून फळं एकाच थरात, एकमेकांना न टेकता मांडावीत आणि वरून कागद झाकावा. पाडाला आलेली आणि जून अशी दोन खोकी वेगळी असली की पाहणं सोपं जातं. घाई असेल तर खोक्यात एक-दोन पिकलेली केळी ठेवावीत. त्यांचं इथिलीन हिरव्या फळांना पुढे ढकलतं. एक दिवसाआड खोकं उघडून नरम पडलेलं फळ काढून घ्यावं.

जागा मात्र नेमकी निवडावी. २० अंशांच्या आसपास जून हिरवं फळ साधारण दोन आठवड्यांत लाल होतं. १३ ते १५ अंशांत त्याला महिनाभर लागू शकतो. हे गणित हाती आलं की निम्मी फळं स्वयंपाकघरात चुलीच्या बाजूच्या भिंतीशी आणि निम्मी मागच्या गार खोलीत ठेवून लाल टमाटे जानेवारीपर्यंत पुरवता येतात. फ्रिजमध्ये हिरवं फळ ठेवू नये. ज्या थंडीतून ते वाचवलं तीच थंडी तिथे आहे. आणि उन्हातही ठेवू नये. लाल रंग देणारं लायकोपीन ३० अंशांच्या वर नीट तयार होत नाही, त्यामुळे तापलेलं फळ पिवळट-नारिंगीच राहतं. मे महिन्यातले टमाटे फिके दिसतात ते याचमुळे. पिकायला ऊब लागते, ऊन लागत नाही.

कॅल्शियम कार्बाइडची पुडी तर घरात आणूच नये. त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात, आणि फळं पिकवण्यासाठी त्याच्या वापरावर भारतात बंदी आहे. व्यापारी पिकवणगृहांना इथिलीन वायूची परवानगी आहे, तीही दहा लाखांत शंभर भाग या मर्यादेत.

उरली कोवळी फळं. शिकागो किंवा न्यू जर्सीतल्या मराठी घरांच्या बागांवर हीच वेळ ऑक्टोबरात, पहिल्या हिमाआधी येते, आणि तिथेही उत्तर एकच असतं: चटणी. फोडी तेलात हिरवी मिरची, लसूण आणि जिऱ्यासोबत नरम होईपर्यंत परताव्यात, भाजलेले शेंगदाणे नाहीतर तीळ घालून पाट्यावर रगडाव्यात. ज्वारीच्या भाकरीबरोबर जेवण होतं. याच फोडी बेसन पेरून भाजीला चालतात, आणि कैरीचा हंगाम नसताना वरणाला आंबटपणाही देतात. लोणचं घालायचं तर फोडींना मीठ लावून रात्रभर ठेवावं, सुटलेलं पाणी काढून टाकावं आणि मग मोहरी-मिरचीचा मसाला, लिंबाचा रस आणि फोडी बुडतील इतकं तेल घालावं.

हिरव्या फळात टोमॅटिन नावाचं कडवट द्रव्य असतं. फळ जितकं कोवळं तितकं ते जास्त, आणि पिकताना ते झपाट्याने कमी होतं. शिजवल्याने ते फारसं नाहीसं होत नाही. चटणी-लोणच्याच्या नेहमीच्या प्रमाणात त्याचा त्रास होत नाही, पण वाटाण्याएवढी कडू फळं टाकून द्यावीत, लहान मुलांना कच्ची हिरवी फळं खायला देऊ नयेत, आणि पानं तर कधीच वापरू नयेत.

झाडं लगेच उपटण्याचं कारण नाही. लाट ओसरली की मेडशीत दुपारी चांगलं ऊन असतं आणि झाड पुन्हा सावरतं. लाटेच्या दिवसांत संध्याकाळी हलकं पाणी द्यावं, कारण ओली माती दिवसाची उष्णता अधिक साठवते आणि रात्री ती हळूहळू सोडते. जुनं लुगडं किंवा पोतं काठ्यांवर टाकून झाडं झाकावीत आणि सकाळी ते काढून घ्यावं. नवीन शेंडे आणि फुलं खुडली की असलेली फळं लवकर भरतात. फुलापासून लाल फळापर्यंत दीड-दोन महिने जातात, थंडीत त्याहूनही जास्त. म्हणजे डिसेंबरअखेर आलेलं फूल मार्चच्या सुमारास पिकणार.

एक काम मात्र या उतरवणीतच करावं. निरोगी, गावरान झाड निवडून त्यावरचं सर्वांत चांगलं फळ खूण बांधून राखावं आणि रात्री कागदात गुंडाळून झाडावरच लाल होऊ द्यावं. ते बियाण्यासाठी आहे. त्याचं बी आंबवून कसं काढायचं, कसं वाळवायचं, आणि संकरित वाणाचं बी धरून का उपयोग होत नाही, हे पुढच्या लेखांकात.