धोट्यापासून सेन्सरपर्यंत : इचलकरंजीच्या मागांचा प्रवास

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग 1904 मध्ये विठ्ठलराव दातार यांनी बसवला. जहागिरीचे अधिपती नारायणराव घोरपडे यांचे त्यांना पाठबळ होते. मुंबईच्या 1982 च्या गिरणी संपानंतर विणकाम मोठ्या प्रमाणावर यंत्रमागाच्या गावांकडे वळले आणि पंचगंगेकाठचे हे गाव देशाच्या कापडबाजारात ठळक झाले.

त्यानंतर बाजारच बदलला. कापड आता दुकानात वारावर विकले जाण्यापेक्षा तयार कपड्यांच्या कारखान्यात जास्त जाते. तिथे कापडाचे अनेक थर एकावर एक पसरून एकदमच कापतात. एका थरातला दोष राहून गेला तर शिवलेला शर्ट बाद होतो. म्हणून गिऱ्हाईक रुंद पन्हा, निर्दोष वीण आणि वेळेवर माल मागते.

साध्या मागाला हे जड जाते. त्यात आडवा धागा कांडीवर असतो आणि कांडी पोटात घेऊन लाकडी धोटा इकडून तिकडे धावतो. कांडी संपली की माग थांबवायचा, नवी भरायची, पुन्हा सुरू करायचा. त्या थांबण्याची खूण कापडावर राहते. असा माग मिनिटाला दीडशेच्या आसपास पिक, म्हणजे आडवे धागे, टाकतो.

शटललेस मागात धोटाच नाही. रेपिअर धागा पकडून पलीकडे नेतो, एअरजेटमध्ये हवेचा झोत तो फेकतो. एअरजेटचा वेग मिनिटाला सहाशे पिकांच्याही वर जातो. धागा तुटला की सेन्सर माग जागीच थांबवतो. कोणता माग किती वेळ बंद राहिला, हे मालकाला पडद्यावर दिसते. पण एअरजेटला कॉम्प्रेसर, हवेतला नेमका ओलावा आणि दमदार सूत लागते. हलके सूत वापरले तर महागडा माग पुनःपुन्हा थांबतो.

पैशाची बाजू सावरण्यासाठी केंद्र सरकारने 1999 मध्ये तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना आणली. तिच्यात कर्जाच्या व्याजात पाच टक्क्यांचा परतावा होता. मोठ्या कारखानदारांनी तिचा आधार घेतला. मात्र खर्चीवर, म्हणजे दुसऱ्याचे सूत मजुरीने विणून देणाऱ्या मागवाल्याकडे तारण कमी असते आणि पिकामागे मिळणारी मजुरी पैशांत मोजली जाते. त्याच्यासाठी 2017 च्या पॉवरटेक्स इंडियातला मार्ग अधिक जवळचा होता : जुना माग न मोडता त्यालाच धागा तुटताच थांबण्याची सोय जोडायची. कमी खर्चात दोष घटवणारी ही सुधारणा कुठल्याही चकचकीत यंत्राइतकीच मोलाची आहे.

यंत्राइतकाच माणूस महत्त्वाचा. गावातच 1982 पासून डीकेटीई ही वस्त्र-अभियांत्रिकी संस्था आहे, त्यामुळे इथल्या मुलांना हे शास्त्र शिकायला दूर जावे लागत नाही. पण माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला आणि मागावर उभ्या असलेल्या विणकराला इलेक्ट्रॉनिक पॅनेल शिकवणारे छोटे, सायंकाळचे वर्ग वाढायला हवेत. नाहीतर सेन्सरने दिलेली सूचना वाचणाराच कारखान्यात नसेल.

तंत्रज्ञान मोठ्या कारखान्यापुरते राहिले तर गावाची बहुसंख्य मागघरे मागे पडतील. लहान मागवाल्यांनी एकत्र येऊन सायझिंग (उभ्या धाग्यांना खळ देणे), कापड तपासणी आणि दुरुस्ती सामायिक करावी. सरकारने नव्या यंत्राइतकाच जुन्या मागाच्या सुधारणेला पैसा द्यावा. इचलकरंजी उभी राहिली ती लहान मागघरांवर, आणि पुढचा टप्पाही त्यांना सोबत घेऊनच गाठला पाहिजे.