जुन्या मोटारीला विजेचा पंखा

मोटारीच्या एंजिनात पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यापैकी ढोबळमानाने एक चतुर्थांश चाके फिरविण्याच्या कामी येते. उरलेल्यातला मोठा वाटा धुराबरोबर निघून जातो आणि जवळजवळ तेवढाच दुसरा वाटा पाण्याकरवी रेडिएटरला बाहेर टाकावा लागतो. हे काम थांबले की पाणी उकळते, गॅस्केट फुटते, हेड वाकते. ज्याचे पोट मोटारीवर आहे, त्याची महिन्या-दोन महिन्यांची कमाई अशा एका दुपारी वाफ होऊन जाते. विषय लहान दिसला तरी लहान नाही, तो एवढ्यासाठी.

अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी या दोन गाड्यांनी आपल्याकडची कित्येक वर्षे वाहिली. पद्मिनीची शेवटची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून २०२३ साली गेली. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. तरीही घरोघरी जपलेल्या या गाड्या आहेत, आणि उन्हाळा आला की मालक विचारतात, 'विजेचा पंखा बसवू का?' उत्तर देण्याआधी जुना पंखा काय करतो ते पाहू.

जुना पंखा पाण्याच्या पंपाच्या दांड्यावर असतो आणि एंजिनाच्या पट्ट्याने फिरतो. एंजिन जोरात तर तो जोरात, एंजिन मंद तर तो मंद. यातच त्याची खोड आहे. गाडी मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरने धावत असते तेव्हा समोरचा वारा आपण होऊन जाळीतून घुसतो, पंख्याची फारशी गरज नसते. नेमका तेव्हाच हा पंखा सर्वांत जोरात फिरतो. दादरच्या किंवा पुण्याच्या लक्ष्मी रोडच्या गर्दीत गाडी उभी राहिली, वारा थांबला, की तोही मंदावतो. शिवाय पंख्याचा वेग दुप्पट झाला तर त्याला लागणारी शक्ती दुप्पट नव्हे, आठपट होते. गरज नसताना घेतलेली ही शक्ती पेट्रोलातूनच येते. विजेचा पंखा एंजिनाच्या वेगाशी बांधलेला नसतो. पाणी तापले की लागतो, निवले की थांबतो. १९८३ साली मारुती ८०० आली तेव्हा तिचे एंजिन आडवे होते, पट्ट्याचा पंखा रेडिएटरसमोर येणे सोयीचे नव्हते, म्हणून तिला विजेचाच पंखा होता.

परंतु पंखा हे सर्व रोगांवरचे औषध नव्हे. आमचा साधा नियम असा: गाडी गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर दोष वाऱ्याचा, तिथे पंखा उपयोगी पडेल. गाडी मोकळ्या रस्त्यावरही तापते, तर दोष दुसरीकडे आहे. रेडिएटरच्या नळ्या गाळाने बुजल्या असतील, थर्मोस्टॅट अडकला असेल, पट्टा सैल असेल, इग्निशनचे टायमिंग मागे गेले असेल. रेडिएटरचे झाकणही पाहावे. त्यातल्या दर एक पौंड दाबामागे पाण्याचा उकळबिंदू सुमारे दीड अंशाने वाढतो. सात पौंडांचे झाकण खराब झाले तर दहा-अकरा अंश हातचे जातात. हे सारे आधी दुरुस्त करावे, मग पंख्याकडे वळावे.

आता निवड. पंख्याचा व्यास रेडिएटरच्या जाळीत बसेल एवढा मोठा घ्यावा. पंखा आतून, म्हणजे एंजिनाच्या बाजूने, हवा ओढणारा असावा. पुढे लावलेला पंखा हवा ढकलतो खरा, पण गाडी धावताना स्वतःच वाऱ्याच्या वाटेत उभा राहतो. मात्र मागे जागा आहे की नाही ते मोजावे. जुनी पाती काढल्यावर पंपाच्या नाकावर कणकेचा गोळा ठेवून रेडिएटरपर्यंतचे अंतर घ्यावे, आणि बोटभर जागा मोकळी सोडावी. कारण ब्रेक लागला की एंजिन पुढे सरकते. पंख्याभोवती पत्र्याचे आवरण हवे. आवरण नसेल तर पंखा आपल्या वर्तुळापुरतीच हवा ओढतो, जाळीचे कोपरे तसेच राहतात.

खरा हिशेब विजेचा आहे. बारा इंची पंखा साधारण १० अँपियर घेतो. दोन हेडलाइट ४५ वॅटचे धरले तर साडेसात अँपियर, बारीक दिवे अडीच, इग्निशन सुमारे चार. बेरीज झाली २४. जुन्या डायनॅमोची मजल पूर्ण वेगातही २० अँपियरच्या आसपास, आणि एंजिन मंद असताना तर जवळजवळ शून्य! म्हणजे गर्दीत, रात्री, जिथे पंख्याची गरज, तिथेच तो बॅटरी पिऊन टाकील. ज्या गाडीत डायनॅमो आहे, तिथे आधी अल्टरनेटर बसवावा, मगच पंखा. हा खर्च टाळून केलेली बचत ही बचत नव्हे.

जोडणीकडे येऊ. जुनी पाती काढली तरी पट्टा ठेवावाच, कारण त्यावर पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर चालतो. पाती काढल्यावर जुने बोल्ट लांब पडतात; आखूड घ्यावेत. पंखा लोखंडी पट्ट्यांनी रेडिएटरच्या चौकटीला आवळावा. जाळीतून प्लास्टिकच्या दोऱ्या ओवून बांधला तर हादऱ्याने नळ्या झिजून गळती लागते. पंखा सुरू होताना काही क्षण दुपटीहून अधिक करंट ओढतो, म्हणून त्याला रिले द्यावा, अडीच चौरस मिलिमीटरची वायर द्यावी, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ द्यावा. अर्थची वायर रंग खरवडलेल्या पत्र्यावर लावावी. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा धन टोक अर्थला असतो. तिथे तारा पाहून न जोडल्यास पंखा उलटा फिरेल. जाळीसमोर कागद धरून पाहावे. तो आत ओढला गेला तर दिशा बरोबर.

तापमानाचा स्विच थर्मोस्टॅटहून वरच्या अंशाचा हवा. थर्मोस्टॅट ८२ अंशांवर उघडत असेल तर पंखा सुमारे ९२ वर लागावा आणि ८७ वर बंद व्हावा. नाहीतर तो अखंड चालत राहील. स्विच वरच्या टाकीत बसवितात. पण पाणी कमी झाले तर स्विच उघडा पडून त्याला खरे तापमान कळत नाही. म्हणून ड्रायव्हरच्या हाताशी एक साधे बटण आणि एक दिवा असावा.

शेवटची गोष्ट आमच्या मते सर्वांत मोठी. पट्ट्याचा पंखा एंजिन बंद झाले की थांबतो, हे प्रत्येक मेकॅनिकच्या हाताला ठाऊक असते. विजेचा पंखा थेट बॅटरीवर जोडला असेल तर एंजिन बंद असतानाही, पाणी तापलेले असल्यास, कोणत्याही क्षणी सुरू होतो. बॉनेटखाली वाकलेल्या पोराची बोटे तेव्हा कुठे असतील? १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २१ व्या कलमाने फिरत्या यंत्राला कुंपण घालण्याची सक्ती केली. पण शक्तीवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असले तरच तो कायदा लागू होई. रस्त्याकडेच्या गॅरेजातली दोन पोरे त्याच्या बाहेरच राहिली. कायदा जिथे पोचत नाही, तिथे मालकाने पोचावे. रिलेची वायर इग्निशनच्या किल्लीवरून घ्यावी, पंख्याला जाळी बसवावी, तांबड्या रंगाची सूचना लावावी, आणि गाडी कामाला देताना बॅटरीची तार सोडून द्यावी. चार मिनिटांचे हे काम आहे.

गाडी थंड ठेवणे ही मालकाची सोय आहे. त्या गाडीवर काम करणाऱ्याची दहाही बोटे शाबूत राहणे हा त्याचा हक्क आहे. पंखा निवडताना दोन्ही हिशेबांत धरावे, एवढीच आमची विनंती.