परसातील कोंबड्या आणि आपली औषधे

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने विषयाचे बंधन घातले नाही. म्हणून वैद्यकाच्या कक्षेबाहेरचा वाटणारा, पण दवाखान्याच्या दारातूनच आत आलेला एक विषय निवडला आहे. मी पशुवैद्य नाही; पशुवैद्य स्नेह्यांकडून जे शिकलो, तेच येथे मांडतो.

काही वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातील एक आजी गुडघेदुखीसाठी आल्या होत्या. उठताना म्हणाल्या, "डॉक्टर, नातवाला दिलेल्या त्या कॅप्सूल आणखी चार लिहून द्या की हो. उरलेल्या कोंबड्यांना पाण्यातून घातल्या, तरी चौदातल्या अकरा गेल्या." अंडी विकून त्यांचा तेल-मिठाचा खर्च चाले. प्रतिजैविकाची ती चिठ्ठी माझीच होती. नातवाने अर्धा कोर्स घेतला होता, उरलेला कोंबड्यांनी!

लक्षणे विचारली. हिरवट पातळ विष्ठा, चोच उघडी ठेवून श्वास, लुळे पडलेले पंख आणि पिळवटलेली मान. खेड्यात या रोगाला 'मानमोडी' म्हणतात. 1926 मध्ये जावा बेटावर व इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे तो नोंदला गेला. लवकरच तो कुमाऊंतील राणीखेत येथे आढळला आणि आपल्याकडे तेच नाव रूढ झाले. हा विषाणूजन्य रोग असल्याने प्रतिजैविकाचा त्यावर काही परिणाम होत नाही. उपाय एकच, तो म्हणजे लस. पिल्लू पहिल्या आठवड्यात असताना लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, सुमारे चौथ्या आठवड्यात पुन्हा तीच लस आणि सहा ते आठ आठवड्यांचे झाल्यावर आर-टू-बी लसीचे इंजेक्शन, असा क्रम साधारणपणे सांगितला जातो. लस बर्फात ठेवावी लागते आणि कालवल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. एका बाटलीत शंभर किंवा त्याहून अधिक मात्रा असतात, त्यामुळे दहा कोंबड्यांच्या घराला ती परवडत नाही. गल्लीने मिळून एक दिवस ठरवला, तर हा प्रश्न सुटतो.

'देवी' या रोगात तुऱ्यावर व गलोलीवर खपल्या धरतात. तो डासांमुळे पसरतो. माणसाच्या देवीशी त्याचा संबंध नाही व तो माणसाला होत नाही. खपल्यांना आयोडीन लावावे, डोळे स्वच्छ ठेवावेत. बहुतेक पक्षी बरे होतात. यावरही लस आहे.

तीन ते सहा आठवड्यांची पिल्ले पंख फुगवून पेंगू लागली व विष्ठेत रक्त दिसले, तर रक्ती हगवणीची शंका घ्यावी. तिचे कारण कॉक्सिडिया हे एकपेशीय परजीवी. पशुवैद्याच्या सल्ल्याने पाण्यातून अॅम्प्रोलियम द्यावे. पण खुराड्यातील ओल गेली नाही, तर रोग पुन्हा उद्भवतो. खाली भाताचे तूस पसरून ते वरचेवर हलवावे, भिजलेले काढून टाकावे. पिसांतील उवांसाठी कोंबड्यांना कोरड्या मातीत लोळू द्यावे. रक्त शोषणारे बारीक कीटक दिवसा खुराड्याच्या फटींत लपतात. म्हणून फटी साफ करून चुना लावावा.

येथवरचा भाग कोंबड्यांचा झाला. पुढचा आपला आहे. अंदाजाने पाण्यात टाकलेली प्रतिजैविके रोग बरा करीत नाहीत, मात्र त्यांना दाद न देणारे जंतू वाढवतात आणि औषधाचा अंश अंड्यांतून घरच्या मुलांच्या पोटात जातो. माणसासाठी अखेरचा आधार असलेल्या कोलिस्टिनवर याच कारणास्तव भारत सरकारने 2019 मध्ये पशुपालनात बंदी घातली.

दुसरी गोष्ट त्याहून तातडीची. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला. मानमोडी आणि बर्ड फ्लू नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणून दोन-तीन दिवसांत अनेक पक्षी दगावले, तर पशुवैद्यकीय रुग्णालयाला लगेच कळवावे. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नये. तो खाऊ नये, विकू नये, नाल्यात टाकू नये. विल्हेवाट पशुवैद्याच्या सांगण्यानुसार, खोल खड्ड्यात चुना टाकून करावी. अशा घरातील कोणी ताप-खोकला घेऊन आला, तर "घरी कोंबड्या मेल्या का?" असे आपण डॉक्टरांनीही आवर्जून विचारले पाहिजे.

लुई पाश्चर यांनी 1880 च्या सुमारास प्रयोगशाळेत क्षीण केलेल्या जंतूंची लस प्रथम तयार केली, ती कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर. आपल्या लसीकरणशास्त्रावर या पक्ष्याचे एवढे ऋण असताना, त्याला लस मिळवून देण्यासाठी दोन शब्द खर्च करणे जड जाऊ नये.

त्या आजींना मी कॅप्सूल दिल्या नाहीत. पशुवैद्यांच्या नावाची चिठ्ठी दिली. तेव्हापासून प्रतिजैविक लिहून देताना एक वाक्य न चुकता सांगतो : "गोळ्या पुऱ्या संपवा, उरल्याच तर कोंबड्यांना घालू नका, माझ्याकडे परत आणा."