पेढीवरचा संगणक सुरू होईना!

पूर्वी कापडाच्या पेढीवर लाल बासनातल्या वह्या असत. मुनीमजी आजारी पडले तरी वही उघडता येत असे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि आमच्यासारख्या कच्च्या कापडाच्या व्यापाऱ्यांनाही बिले, चलने, विवरणपत्रे संगणकावर करणे भाग पडले. वही उघडायला हात पुरे होता. संगणकाला वीज लागते, आणि वीज असूनही तो उघडला नाही तर सारी पेढी हातावर हात ठेवून बसते. आमच्यावर ही वेळ १० नोव्हेंबर २०२३ रोजी आली. त्या दिवशी जे शिकलो ते व्यापारी बांधवांच्या कामी यावे म्हणून येथे देत आहोत.

तो शुक्रवार होता. मालेगावातील माग बंद, बाजारात शांतता, म्हणून आम्ही सकाळीच पेढीवर जाऊन बसलो. ऑक्टोबरच्या विक्रीचे विवरणपत्र, म्हणजे जीएसटीआर-१, भरण्याची मुदत दुसऱ्या दिवशी ११ तारखेला संपत होती. हे पत्रक उशिरा गेले तर विलंब शुल्क पडते ते वेगळेच; खरी पंचाईत गिऱ्हाइकाची होते. आमचा माल राजस्थानात पाली, बालोतऱ्याला जातो. आमचे पत्रक मुदतीत गेले नाही तर १४ तारखेला तयार होणाऱ्या त्यांच्या जीएसटीआर-२बी मध्ये आमचे बिल दिसत नाही, त्यांना त्या महिन्यात कराची वजावट मिळत नाही, आणि मग ते आमची रक्कम अडकवून ठेवतात. त्यांचेही चुकते असे नाही.

बटण दाबले. काही नाही. ना दिवा, ना पंख्याचा आवाज. पुन्हा दाबले, मग रागाने दाबले. रागाने दाबल्याने यंत्र चालते असा आमच्या पिढीचा समज आहे, तो खोटा ठरला.

बाजारातील एका दुरुस्तीवाल्याला बोलावले. धनत्रयोदशीही त्याच दिवशी होती, त्याच्या दुकानात नव्या मालाची गर्दी. त्याने आमच्यासारखेच दोनदा बटण दाबले, कॅबिनेटला कान लावला आणि निकाल दिला की मदरबोर्ड गेला. १८ हजारांत नवा संगणक देतो, जुना आहे तसा जमा करा. जुन्यातील हिशेबाचे काय असे विचारले तर म्हणाला, बोर्ड गेला तेव्हा तेही गेलेच समजा. आमची शेवटची बॅकअप मार्च महिन्यातली होती. सात महिन्यांची बिले आणि उधारी त्या डब्यात होती, आणि आम्ही तो डबा उचलून देण्याच्या बेतात होतो. घाबरलेल्या माणसाला कोणताही खात्रीने बोलणारा माणूस जाणकार वाटतो.

इतक्यात मोहल्ल्यातील एक मुलगा आला. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला आहे. तो म्हणाला, "चाचा, ज्याने मीटर लावला नाही, झाकण उघडले नाही, त्याने मदरबोर्ड कसा पाहिला? आणि हिशेब मदरबोर्डमध्ये नसतो, हार्डडिस्कमध्ये असतो. बोर्ड जळला तरी डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते. संगणक द्यायचा तर द्या, डिस्क देऊ नका." एवढे ऐकले आणि आमचा जीव भांड्यात पडला.

त्याने काम भिंतीपासून सुरू केले. बोर्डाच्या सॉकेटमध्ये टेबल फॅन लावून पाहिला. फॅन फिरला, म्हणजे वीज आहे. मग यूपीएस बाजूला काढून संगणकाची वायर सरळ भिंतीला लावली. यूपीएसच्या आत लहानशी शिसे-आम्लाची बॅटरी असते. ती बहुधा दोन ते चार वर्षांत थकते आणि मग यूपीएस स्वतःच चालू होत नाही. लोक मात्र संगणक बिघडला म्हणून धावपळ करतात. आमचा यूपीएस ठीक होता. पुढे त्याने मॉनिटरची वायर काढून संगणकाला लावली. बहुतेक मॉनिटरची आणि संगणकाची वायर एकाच जातीची असते, त्यामुळे वायर खराब आहे की नाही हे फुकटात कळते. मागील बाजूस एसएमपीएसला लहान काळा स्विच असतो, एका बाजूला उभी रेघ, दुसऱ्या बाजूला शून्य. रेघेची बाजू दाबलेली हवी. झाडू मारणाऱ्या पोराच्या हाताने तो बंद झाल्याचे प्रकार घडतात. जुन्या एसएमपीएसला ११५ आणि २३० असे आकडे असलेला लाल सरकता खटकाही असतो. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची आहे, तो खटका ११५ वर सरकवला तर एसएमपीएस जळतो. त्याला कोणी हात लावू नये.

इथपर्यंत काही सापडले नाही. मग त्याने वायर पूर्ण काढून चालू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरले. आतील साठलेली वीज त्याने निघून जाते, आणि झटक्याने अडकलेले यंत्र पुष्कळदा एवढ्यानेच सुरू होते. आमचे झाले नाही.

झाकण उघडले तेव्हा मात्र आम्हालाच शरम वाटली. आत सुताच्या लवेची गादी तयार झाली होती. मागाच्या गावात हवेत लव असतेच, ती पंख्यातून आत ओढली जाते आणि आत गरमी कोंडून राहते. मुलाने मऊ ब्रशने ती काढली. पंख्याचे पाते बोटाने धरून साफ करावे, हवेच्या झोताने गरगर फिरवू नये, असे त्याने बजावले. काम करताना वायर काढलेली असावी आणि मधूनमधून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावावा, म्हणजे अंगातील स्थिर वीज भागांना मारत नाही.

मग त्याने वायर परत लावली आणि मदरबोर्डवर बोट दाखवले. एक बारीक हिरवा दिवा लागला होता. संगणक बंद असतानाही एसएमपीएस बोर्डाला ५ व्होल्टचा एक प्रवाह सतत देत असतो, त्या आधारावरच बटणाचा इशारा कळतो. हा दिवा सर्व बोर्डांवर नसतो. नसेल तर जांभळ्या वायरवर मीटरने ५ व्होल्ट मिळतात का ते पाहावे. मिळत नसतील तर एसएमपीएसवर संशय घ्यावा. एसएमपीएस बदलता येतो, संगणक बदलावा लागत नाही. पण त्याचा डबा कोणीही घरी उघडू नये. वीज काढल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या घरात दाब काही काळ राहतो, तो माणसाला सोडत नाही.

आमच्याकडे दिवा होता, म्हणजे वीज बोर्डापर्यंत पोहोचत होती. "आता बटणच राहिले," तो म्हणाला. पुढच्या बटणापासून दोन बारीक वायरी बोर्डावरील दोन पिनांना येतात. बटण दाबणे म्हणजे त्या दोन पिना क्षणभर एकमेकींना जोडणे, बाकी काही नाही. त्याने वायरी काढल्या आणि त्याच दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर स्पर्श केला. पंखा फिरला, डिस्क घरघरली, पडद्यावर अक्षरे आली. १८ हजारांचा मदरबोर्ड जिवंत होता. मेले होते ते पुढचे झिजलेले बटण. चुकीच्या पिना जुळल्या तर बोर्डाचे नुकसान होते, म्हणून ही युक्ती जाणकारानेच करावी.

नवे बटण तेव्हा कुठून आणणार? शेजारी रिसेटचे बटण होते. त्याच्या वायरी काढून त्याने चालू करण्याच्या पिनांवर लावल्या. दोन्ही बटणे एकाच जातीची असतात. पाच मिनिटांत काम झाले. त्याने पैसे घेतले नाहीत, आम्ही त्याच्या आईकडे शर्टिंगचा एक तुकडा पाठवला.

ज्यांच्या संगणकाचा पंखा फिरतो पण पडदा काळा राहतो, त्यांची गोष्ट वेगळी आहे. तेथे वीज मिळते, बिघाड पुढे असतो. आधी मॉनिटरचा दिवा आणि केबल पाहावी. मग वीज काढून रॅमची पट्टी बाहेर काढावी, तिच्या सोनेरी कडेवर खोडरबर हळू फिरवून ती पुन्हा कट असा आवाज येईपर्यंत बसवावी. आमच्या हवेत हा इलाज बऱ्याचदा लागू पडतो. तारीख सारखी मागे जात असेल तर बोर्डावरील ३ व्होल्टची नाण्यासारखी बॅटरी, सीआर २०३२, संपली असे समजावे. चुकीच्या तारखेने जीएसटीची साइटही उघडायला कुरकुर करते. कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर पेढीला अर्थिंग नाही. ते इलेक्ट्रिशियनचे काम आहे आणि ते आधी करून घ्यावे.

दुरुस्तीवाल्यावर आमचा राग नाही, त्याला गर्दीत नवे विकणे सोपे होते. राग स्वतःवर आहे. सात महिने बॅकअप न घेणे ही आमची चूक. कायद्यानेही हिशेबाचे दप्तर वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचे असते, आणि संगणकावर असेल तर त्याची प्रत ठेवण्याचे बंधन नियमातच आहे. आमच्या ओळखीच्या एका सूत व्यापाऱ्याने डिस्क फॉर्मॅट होऊ दिली. त्यानंतर त्याला उधारी वसूल करताना गिऱ्हाइकाच्याच वहीवर विसंबावे लागले. गिऱ्हाइकाच्या वहीत उधारी नेहमी थोडी कमीच असते.

आता दर गुरुवारी संध्याकाळी माग थांबण्याआधी दोन पेनड्राइव्हवर प्रत घेतली जाते. एक पेढीच्या तिजोरीत, एक घरी. ऑक्टोबरचे पत्रक त्या शनिवारी रात्री नऊच्या सुमारास गेले. संगणक आजही रिसेटच्या बटणावर चालतो. नवा मुनीम मात्र रोज सकाळी आधी मोठे बटणच दाबतो, मग आमच्याकडे पाहतो.